किमयेचा खरा अर्थ : डॉ. कमला सोहोनी

मराठीत 'किमया' हा एक सुंदर शब्द आहे. एखाद्याने अवघड काम सहज करून दाखवले, की त्याने मोठी किमया केली असे आपण म्हणतो. हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. उर्दूत रसायनशास्त्राला जो 'कीमिया' शब्द आहे, तोच मराठीत 'किमया' होऊन आला. फार पूर्वी तांब्याचे किंवा शिशाचे सोने करण्याच्या विद्येला किमया म्हणत. तसे सोने कोणालाही करता आले नाही. पण त्या खटपटीत माणूस पदार्थ तापवायला, गाळायला आणि तोलायला शिकला. त्यातूनच पुढे रसायनशास्त्र उभे राहिले.

आज आपण एका मराठी शास्त्रज्ञ स्त्रीची ओळख करून घेणार आहोत. त्यांनी सोने करण्याचा खटाटोप केला नाही. दूध, डाळ, बटाटा, वाल, नीरा अशा साध्या पदार्थांत काय दडले आहे आणि ते आपल्या शरीरात जाऊन काय करते, याचा त्यांनी आयुष्यभर शोध घेतला. त्यांचे नाव डॉ. कमला सोहोनी.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे झाला. त्यांचे माहेरचे आडनाव भागवत. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. जमशेटजी टाटा यांच्या प्रेरणेने बंगळूर येथे जी विज्ञानसंस्था स्थापन झाली, तिच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत हे दोघे भाऊ होते. कमलाबाईंच्या थोरल्या बहिणीचे नावही महाराष्ट्राला चांगले माहीत आहे. त्या म्हणजे प्रसिद्ध लेखिका दुर्गा भागवत. १९७५ साली कराड येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. एक बहीण साहित्याच्या वाटेने गेली, दुसरी विज्ञानाच्या.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. वडील आणि काका जेथे शिकले, तेथेच जाऊन संशोधन करायचे असे त्यांनी ठरवले होते. त्यांनी बंगळूरला अर्ज पाठवला. गुण उत्तम होते, घरच्यांचा पाठिंबाही होता. पण अर्ज नामंजूर झाला.

कारण काय असेल? कारण एकच, अर्ज करणारी मुलगी होती! त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळवणारे हे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. मात्र संशोधन हे मुलींचे काम नव्हे, असे त्यांचे मत होते. वडिलांनी आणि काकांनी विनंती केली. तिचाही उपयोग झाला नाही. तेव्हा कमलाबाई स्वतः रामन यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला केवळ ती मुलगी आहे म्हणून का नाकारायचे, हा त्यांचा साधा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय परत जायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घातल्या. पहिले वर्षभर कमलाबाईंना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. वर्षाच्या शेवटी त्यांचे काम पसंत पडले, तरच त्यांना मान्यता मिळणार होती. शिवाय त्यांच्यामुळे इतर संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, अशीही अट होती. मित्रांनो, वर्गात पहिला आलेल्या मुलाला अशी अट कोणी घातली असती का? कमलाबाईंना ही गोष्ट फार लागली. पुढे कितीतरी वर्षांनीही तिचे दुःख त्यांनी बोलून दाखवले. पण रागावून घरी परतल्या असत्या, तर दरवाजा पुन्हा बंद झाला असता. म्हणून त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला सुरुवात केली.

श्रीनिवासय्या नावाच्या शिक्षकांच्या हाताखाली त्यांनी दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. प्रथिन म्हणजे प्रोटीन. आता हे प्रथिन म्हणजे काय, ते समजून घेऊ.

जगातील सगळे पदार्थ मूलद्रव्यांचे बनलेले आहेत. उर्दूत मूलद्रव्याला 'उन्सुर' म्हणतात. माणसाला शंभरांहून अधिक मूलद्रव्ये माहीत आहेत. गंमत अशी, की आपल्या शरीराच्या वजनातील सुमारे ९६ टक्के भाग फक्त चार मूलद्रव्यांचा असतो. ती म्हणजे ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन. उरलेल्या थोड्याशा भागात हाडांतील कॅल्शियम आणि फॉस्फरस, मिठातून मिळणारे सोडियम, रक्तातील लोह अशी बाकीची मूलद्रव्ये येतात. हीच मूलद्रव्ये गिरणेच्या पाण्यात, शेतातल्या मातीत आणि आपण श्वासात घेतो त्या हवेतही आहेत. मग माती ती माती आणि माणूस तो माणूस, हा फरक कशामुळे? तो फरक जुळणीमुळे. अक्षरे तीच असतात, पण ती वेगवेगळ्या रीतीने जुळवली की वेगवेगळे शब्द होतात. तसेच मूलद्रव्यांचे अणू एकमेकांना जोडले जाऊन वेगवेगळे रेणू तयार होतात. हायड्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक अणू मिळून पाण्याचा एक रेणू होतो. मोठ्या माणसाच्या शरीराचे निम्म्याहून अधिक वजन या पाण्याचेच असते.

पाण्याचा रेणू अगदी लहान. प्रथिनाचा रेणू मात्र फार मोठा असतो. तो एखाद्या माळेसारखा असतो. या माळेतील मण्यांना अमायनो आम्ले म्हणतात. प्रथिनांच्या माळांत या मण्यांचे मुख्यतः २० प्रकार सापडतात. आपण डाळ खाल्ली, की पोटात तिच्यातील माळा तुटतात आणि मणी सुटे होतात. त्या मण्यांतून शरीर स्वतःला हव्या तशा नव्या माळा ओवते. स्नायू, कातडी, केस, रक्त या सर्वांत अशी प्रथिने असतात. काही मणी शरीर स्वतः तयार करू शकते. काही मणी मात्र अन्नातूनच मिळवावे लागतात. ते मिळाले नाहीत, तर मुलांची वाढ खुंटते.

भडगाव, पाचोरा, चाळीसगाव या भागांत कळण्याची भाकरी तुम्ही खाल्ली असेल. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून ती करतात. ज्वारीत लायसीन नावाचा मणी कमी असतो, पण उडदात तो भरपूर असतो. उडदात मेथिओनीन नावाचा मणी कमी असतो, ती उणीव ज्वारी भरून काढते. वरण-भात, खिचडी, डाळ घालून केलेला खिचडा यांतही धान्य आणि डाळ अशीच एकमेकांना मदत करतात. आपल्या आजी-नानींना अमायनो आम्लांची नावे ठाऊक नव्हती. पण कशाबरोबर काय खावे, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या. अनुभवाने कळलेली गोष्ट मोजून, तपासून सिद्ध करणे हे शास्त्रज्ञाचे काम. कमलाबाई तेच काम करत होत्या.

वर्ष संपले. कमलाबाईंचे काम पाहून रामन यांचे समाधान झाले आणि त्यांना रीतसर विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळाली. एवढेच नव्हे, तर त्यानंतर इतर मुलींनाही त्या संस्थेत प्रवेश मिळू लागला. १९३६ साली कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी मिळवली.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स तेथे होते. तेथे डॉ. रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाई वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास करू लागल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना त्याच्या पेशींत सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन आढळले. हा शोध महत्त्वाचा का होता?

आपण श्वास घेतो, तेव्हा हवेतील ऑक्सिजन फुप्फुसांतून रक्तात जातो. रक्तातील हिमोग्लोबिन तो उचलून शरीराच्या प्रत्येक पेशीपर्यंत पोहोचवते. या हिमोग्लोबिनमध्ये लोह असते, म्हणून लोह कमी पडले की माणसाला थकवा येतो. पेशीत अन्नापासून आलेली ग्लुकोज नावाची साखर तयार असते. साखर आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाणी तयार होते, आणि आपल्याला ऊर्जा मिळते. चुलीत लाकूड जळते, तेव्हाही जवळजवळ असेच घडते. पण चुलीत एकदम जाळ होतो. शरीरात असा जाळ झाला, तर आपण भाजून निघू! म्हणून शरीरात हे काम सुमारे ३७ अंश सेल्सिअस तापमानात, एकेक पायरी उतरत होते. प्रत्येक पायरीवर मदत करणारी प्रथिने असतात. त्यांपैकी बऱ्याच प्रथिनांना एंझाइम किंवा विकर म्हणतात. सायटोक्रोम-सी हेही असेच एक मदतनीस प्रथिन आहे. त्याच्या रेणूत लोहाचा एक अणू असतो.

प्राण्यांच्या शरीरातील हा मदतनीस वनस्पतींच्या पेशींतही श्वसनाचे काम करतो, हे कमलाबाईंच्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे शेतातला बटाटा आणि तो खाणारा माणूस, दोघांचा श्वास एकाच नियमाने चालतो! आपले संशोधन त्यांनी अवघ्या ४० पानांच्या प्रबंधात मांडले. प्रबंध म्हटला, की शेकडो पानांचा जाड ग्रंथ डोळ्यांसमोर येतो. पण केंब्रिजच्या परीक्षकांनी पाने मोजली नाहीत, त्यातला विचार पाहिला. १९३९ साली कमलाबाईंना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक होत.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. प्रथम त्यांनी दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवले. सजीवांच्या शरीरातील रसायनांचे शास्त्र म्हणजे जीवरसायनशास्त्र. त्यानंतर दक्षिणेतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांचा अभ्यास केला. जीवनसत्त्व म्हणजे व्हिटॅमिन. ते शरीराला अगदी थोडे लागते, पण ते थोडेही मिळाले नाही, तर आजार होतो. 'अ' जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो. 'क' जीवनसत्त्व कमी पडले की हिरड्यांतून रक्त येते.

१९४७ साली त्यांचा विवाह झाला आणि कमला भागवत यांच्या कमला सोहोनी झाल्या. त्या मुंबईला आल्या आणि तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. येथे त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन जे संशोधन केले, त्याचा संबंध थेट गरिबांच्या ताटाशी होता. ज्यांना मांस, अंडी, दूध रोज परवडत नाही, त्यांना प्रथिने कोठून मिळणार? डाळी आणि कडधान्ये यांतूनच. मग त्यांतील प्रथिने शरीराला पूर्णपणे मिळतात का, हे तपासायला नको का?

त्यांनी वालासारख्या कडधान्यांची परीक्षा केली. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचे एक एंझाइम असते. प्रथिनांची माळ तोडून मणी सुटे करणे हे त्याचे काम. कच्च्या वालात एक असा पदार्थ असतो, जो या ट्रिप्सिनला अडवून धरतो. कात्रीची दोन्ही पाती कोणी घट्ट धरून ठेवावीत, तसे होते. मग प्रथिन पोटात जाऊनही अंगी लागत नाही. हा अडवणारा पदार्थ वालातून वेगळा काढून कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५५ च्या सुमारास त्याची माहिती जगासमोर मांडली. वाल भिजवून चांगले शिजवले, की उष्णतेने या पदार्थाचा जोर बराच कमी होतो. कडधान्य नीट शिजवून खा, असे घरातील मोठी माणसे सांगतात, त्यामागे हे रसायन आहे.

त्यांचे दुसरे मोठे काम नीरेवर झाले. नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी या झाडांतून पाझरणारा गोड रस. ताज्या नीरेत मद्य नसते. ऊन चढले, की यीस्ट नावाचे सूक्ष्मजीव तिच्यातील साखरेचे मद्य करू लागतात. म्हणून नीरा पहाटे उतरवतात आणि तिच्या मडक्याला आतून चुना लावतात. भारताचे पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात लोह आणि काही जीवनसत्त्वे असल्याचे त्यांना आढळले. आदिवासी भागांतील कुपोषित मुलांना आणि गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारते, असेही त्यांच्या अभ्यासात दिसले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. मुंबईच्या आरे दुग्धप्रकल्पालाही त्यांनी दुधाचा दर्जा सुधारण्यासाठी सल्ला दिला.

इतके काम केल्यावर संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे सहज आले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. त्यांचा हक्क असतानाही त्यांना काही वर्षे वाट पाहावी लागली. १९३३ साली बंगळूरला जे घडले, ते दुसऱ्या रूपात पुन्हा समोर आले. पण त्यांनी प्रयोगशाळा सोडली नाही, शिकवणे थांबवले नाही. अखेर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

कमलाबाईंचे ज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींत अडकून राहिले नाही. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी एकत्र येऊन ग्राहकांना मार्गदर्शन करणारी एक संस्था स्थापन केली. कमलाबाई या संस्थेत काम करू लागल्या. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या मासिकाचे नाव होते 'कीमत'. हा शब्द तर तुमच्या रोजच्या बोलण्यातला! या मासिकात त्यांनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. माणूस घाम गाळून पैसा मिळवतो आणि बाजारातून तिखट, हळद, दूध, तेल विकत घेतो. त्यात भेसळ असेल, तर पैसाही जातो आणि प्रकृतीही बिघडते. ही फसवणूक ओळखायला रसायनशास्त्र उपयोगी पडते.

एक सोपी परीक्षा तुम्हीही शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर करून पाहा. आपल्या जळगाव जिल्ह्यात केळीला तोटा नाही. एक कच्चे आणि एक चांगले पिकलेले केळे घ्या. दोन्हींच्या कापांवर आयोडीनच्या द्रावणाचे दोन-दोन थेंब टाका. कच्च्या केळ्याचा काप निळा-काळा होईल, कारण त्यात पिष्ट, म्हणजे स्टार्च, भरपूर असते. पिकलेल्या केळ्यावर तो रंग फिका दिसेल, कारण एंझाइमांनी पिष्टाची साखर करून टाकलेली असते. दुधात कोणी पीठ मिसळले असेल, तर तेही याच आयोडीनने उघडे पडते. प्रयोगात वापरलेले पदार्थ मात्र खाऊ नका. आणि आम्ल, म्हणजे ज्याला तुम्ही तेजाब म्हणता, त्याला शिक्षकांशिवाय हात लावू नका. आपल्या जठरातही हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते तेथे अन्नातील जंतू मारते आणि पचनाला मदत करते. पण बाटलीतले तीव्र आम्ल कातडी जाळते. रसायन तेच, पण किती आणि कोठे, यावर त्याचा गुण-दोष ठरतो.

१९९८ साली दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार होता. त्या समारंभातच त्यांना भोवळ आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडल्यावर देशाने त्यांची आठवण ठेवली होती. हा मान त्यांना खूप आधी मिळायला हवा होता, असे आज अनेकांना वाटते.

मित्रमैत्रिणींनो, कमलाबाईंनी बटाट्याला जसे प्रश्न विचारले, तसेच माणसांनाही विचारले. वालातील प्रथिन अंगी का लागत नाही? नीरा खरेच पौष्टिक आहे का? आणि मुलीला प्रवेश का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यांनी प्रयोग करून शोधली. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वर्षभर काम करून मिळवले. त्या एका वर्षाच्या परीक्षेत त्या नापास झाल्या असत्या, तर त्यांच्यामागून येणाऱ्या मुलींना किती काळ थांबावे लागले असते, कोण जाणे! आज बंगळूरच्या त्याच संस्थेत अनेक मुली संशोधन करतात. त्यांतील एकीलाही आपण मुलगी आहोत म्हणून वर्षभर परीक्षा द्यावी लागत नाही. तुमच्या वर्गातील एखाद्या मुलीला उद्या तेथे जावेसे वाटले, तर तिचे गुण पाहिले जातील. ही खरी किमया, आणि ती कमलाबाईंनी केली.